सौर वादळाचा दाखला

मला कुणी भाषणाला बोलावलं की मी आधी हो म्हणते आणि मग ते गाव कुठे आहे ते विचारते. निवृत्त झाल्यापासून हा रोगच जडलाय. नोकरीत असताना माझं काम होतं सूर्यावर नजर ठेवून असलेल्या उपग्रहांकडून येणारी माहिती वाचायचं. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा झोत सुटतो, त्याला आम्ही सौर वादळ म्हणतो. ते पृथ्वीकडे येतंय का, आलं तर किती जोराचं, हे सांगायचं. इतकी वर्षं ते सगळं इंग्रजीत लिहून वरच्यांकडे पाठवलं, आणि कुणी वाचलं की नाही देव जाणे. आता चिपळूणला भावाच्या शेजारी राहते आणि शाळा, वाचनालयं, महिला मंडळं, जिथे माईक मिळेल तिथे बोलते. भाऊ म्हणतो, "ऐकायला कुणी नसलं तर तू माडांनासुद्धा सांगशील."

तर वैशाखाच्या तोंडावर शालिनीचा फोन आला. शालिनी ही माझी पुण्याच्या वसतिगृहातली खोलीतली जोडीदारीण. अकोल्याची मुलगी, लग्न होऊन वाशीम जिल्ह्यात जऊळक्याला गेली, शेतीत रमली.

"तुझं ते सौर वादळाचं भाषण आमच्या गावात ठेवलंय," ती म्हणाली. "लोक वाट पाहून राह्यले. नाही म्हणू नको."

सौर वादळासाठी वाट बघणारं गाव. मला तर आनंदाने झोप लागेना. भाऊ म्हणाला, वैशाखात विदर्भात जातेस, डोकं ठिकाणावर आहे का? मी दोन सुती साड्या, कोकम आगळाची बाटली आणि लॅपटॉप घेतला आणि निघाले.

जऊळका

अकोल्याहून छोट्या गाडीने जऊळक्याला उतरले. या गावाला सगळे 'जऊळका रेल्वे' म्हणतात, गावाच्या नावातच रेल्वे आहे. स्टेशनावर उतरलो आम्ही मोजून चारदोन माणसं. ऊन कसं म्हणाल, तर आमच्याकडे घाम आधी येतो आणि मग ऊन जाणवतं, इथे घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतच नाही. शालिनी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून उभी होती. मी तिला ओळखलंच नाही, तिने मला ओळखलं.

तिच्यासोबत तिचे धाकटे दीर आले होते, किसनभाऊ. उंच, काटक, मिशा पिकलेल्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम. आपले आगमन झाले, अत्यंत आनंद झाला. प्रवासात काही गैरसोय तर उद्भवली नाही ना?"

मी थक्क. आकाशवाणीच्या बातम्यांनंतर असं मराठी मी ऐकलं नव्हतं. मीही पाठ ताठ करून "नाही, मुळीच उद्भवली नाही" असं म्हटलं. शालिनी दुपट्ट्यात तोंड लपवून हसत होती. नंतर तिने सांगितलं, "बाहेरचं माणूस आलं का आमचे भाऊजी असेच बोलतात. घरात ऐक तू त्यांना."

घरी शालिनीची जाऊ मंदाताई, म्हणजे किसनभाऊंची बायको, वाट बघत होती. घरात आम्ही एवढेच, कारण शालिनीचे यजमान मुलाकडे नागपूरला गेले होते. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा मी कोकणी भोळेपणाने चटणी समजून भाकरीवर सढळ पसरला. पुढची काही मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही. मंदाताईंनी ताकाचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तुमच्याकडे रोज मासोळ्याच खातात म्हणे? मंग तिखट काहून नाई सोसत?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भाषण झालं. माणसं भरपूर. बाया एका बाजूला, बापे एका बाजूला, सगळे शांत. मी रंगात आले. सांगितलं, की एक उपग्रह आपल्यापासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे, चंद्र जितका लांब त्याच्या चौपट. तिथे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ अशी जमते, की तो कायम आपल्या आणि सूर्याच्या मधे राहतो. एका बाजूने तो सूर्याकडून येणारा झोत मोजतो. दुसऱ्या बाजूने मागे वळून आपल्याकडे बघतो आणि उजेडातल्या सगळ्या पृथ्वीचा फोटो काढतो. सौर वादळ सुटलं तर आधी त्याच्यावरून जातं, मग आपल्याकडे येतं, म्हणून तो आपल्याला थोडं आधी सांगू शकतो. मोबाइल, विमानं, विजेच्या तारा यांना त्या वादळाचा धोका असतो, पण माणसाला अंगावर काही जाणवत नाही.

इथे थोडी चुळबुळ झाली. शेवटी मी म्हटलं, प्रश्न विचारा. पुढे बसलेले एक आजोबा काठी टेकून उठले.

"बाकी समदं बरं हाय बाई," ते म्हणाले. "पन प्लेटा उडाल्या तं कंपनी नव्या देते का नाई, थे सांगा."

"कसल्या प्लेटा?"

"सोलरच्या. तुमी सौर वादळावर सांगाले आल्या ना?"

मागून दुसऱ्याने विचारलं, खांब किती खोल गाडावा. तिसऱ्याने विचारलं, वारा सुटल्यावर प्लेटा आडव्या कराव्या का उभ्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मंडळी शेतातल्या सौर पंपावर जे वादळ येतं, त्याबद्दल ऐकायला जमली होती. मी माईक धरून हसायला लागले, आणि मला हसताना बघून सगळा मंडप हसायला लागला. फक्त किसनभाऊ हसले नाहीत. ते खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते.

बागेत

सकाळी उन्हं चढायच्या आत शालिनी मला त्यांच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेली. मी आंब्याफणसाच्या गावची, संत्र्याचं झाड पहिल्यांदाच जवळून बघत होते. फळं लिंबाएवढी, गडद हिरवी, पानात लपलेली. यंदा बागेचा पहिला बहर. पण झाडाखाली बघितलं तर तीच फळं सुकून पडलेली. मंदाताई ती घमेल्यात गोळा करत होत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "खाली पडलेली दिसली का यायचा जीव तुटते," आणि त्यांनी पलीकडे उभ्या किसनभाऊंकडे मान वळवली.

विहिरीजवळ सौर पंपाचा सांगाडा उभा होता. एक खांब वाकलेला, निम्म्या प्लेटा चैत्रातल्या वादळात उडालेल्या. विहिरीला पाणी होतं, पण वर काढायला काही नव्हतं. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन उसनं आणून जमेल तेवढं पाणी देत होते, ते अर्ध्या झाडांनाही पुरत नव्हतं. उन्हात झाडाला पाणी तुटलं की झाड आधी फळ टाकतं. अजून दोन आठवडे असेच गेले तर पहिला बहर गेला, आणि नंतर झाडंही.

"कंपनीला कळवलं नाही का?" मी विचारलं.

शालिनीने दिराकडे बघितलं. किसनभाऊंनी घसा खाकरला. "मॅडम, आम्ही तत्काळ दूरध्वनीद्वारे तक्रार नोंदवली. तिकडून एका भगिनीने नुकसानीचे कारण विचारले. मी सांगितले, सौर वादळ."

"म्हणजे काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"सोलरवरचे वादळ. परंतु सोलर हा इंग्रजी शब्द झाला. म्हणून सौर म्हटले."

त्या भगिनीने जे ऐकलं ते तसंच नोंदवलं. पुढे कंपनीच्या वाशीमच्या ऑफिसातून किसनभाऊंच्या मोबाइलवर निरोप आला. त्यांनी मला तो दाखवला. नुकसानीचे कारण सौर वादळ, त्या दिवशी असे वादळ झाल्याचा पुरावा सादर करावा. किसनभाऊ पुन्हा फोन करून सांगायला गेले तर उत्तर मिळालं, की कारण बदलायचं तर नवी तक्रार करा, आणि नव्या तक्रारीची मुदत संपली आहे.

आता मला कळलं की भाषण हा नुसता बहाणा होता. "शाले," मी म्हटलं, "तू मला दाखला द्यायला बोलावलंस."

"मग काय तर," ती म्हणाली. लाज म्हणून नाही. "साऱ्या महाराष्ट्रात सौर वादळवाली एकच बाई मला माहीत. त्या दिवशी आलं होतं असं तेवढं सांग. तुझ्या शब्दाला वजन आहे."

मी विहिरीच्या कठड्यावर बसून मोबाइलवर त्या तारखेच्या नोंदी उघडल्या. म्हटलं, काही नसेलच, सरळ नाही म्हणून मोकळी होईन. आणि बघते तो काय, त्या दिवशी खरंच एक सौर वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. मध्यम जोराचं, पण अगदी रीतसर. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. पुरावा माझ्या हातात होता, खराखुरा. तो दाखवला असता तर प्लेटा मिळाल्या असत्या. आणि त्या वादळाने संत्र्याचं एक पानसुद्धा हललं नव्हतं. खरं बोलून फसवायचं, असा प्रसंग माझ्यावर उभ्या आयुष्यात आला नव्हता.

"काय निघालं?" शालिनीने विचारलं.

"आलं होतं," मी म्हटलं.

मंदाताईंनी घमेलं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढचं सांगणं मी उद्यावर ढकललं.

मंगरूळपीर

दुसऱ्या दिवशी रविवार, ऑफिस बंद. मंदाताईंना मंगरूळपीरच्या दर्ग्यात जायचं होतं, म्हणून आम्ही तिघी एसटीने गेलो. मी वाटेत गप्पच होते, आणि मी गप्प बसले की माझ्या ओळखीच्या माणसांना ताप आलाय असं वाटतं. दर्ग्यात मोगऱ्याचा आणि उदाचा वास, सावलीत दगड गार. हिंदू, मुसलमान, सगळ्यांची एकच ये-जा. मंदाताईंनी डोक्यावर पदर घेतला, चादरीला हात लावला, बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं. इथे ओठसुद्धा हलले नाहीत.

बाहेर चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. आकाशातलं वादळ वेगळं, तुमच्या बागेतलं वेगळं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"म्हंजे त्या वादळानं काईच केलं नाई?"

"काहीच नाही."

"अन तुमी सांगतलं तं मानतीन?"

"मानतील."

"मंग मले नका इचारू ताई," त्या म्हणाल्या. "मी बागंकडे पाह्यलं का काईबी हो म्हनन."

त्या बाईने मला मोकळं सोडलं आणि अडकवूनही ठेवलं. रागच आला मला, तिचा नाही, कंपनीच्या त्या निरोपाचा आला. रात्रीच्या जेवणाला शेतात रोडगे होते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, फोडून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. मी तीन खाल्ले. चिंतेने माझी भूक कधीच जात नाही, हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे.

वाशीम

सोमवारी आम्ही चौघे वाशीमला गेलो. पुसद नाक्याच्या अलीकडे, मोटारसायकलींच्या दुकानांच्या वर कंपनीचं ऑफिस. एक पंखा, दोन टेबलं, भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. तिथले साहेब पस्तिशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कंटाळलेले पण माणूस वाईट नाही. शालिनीने माझी ओळख करून दिली ती अशी, की मीच सूर्य चालवते असं वाटावं.

साहेब सावरून बसले. "मॅडम, मी पेपरात वाचलं सौर वादळांबद्दल. आमच्याकडे ही पहिलीच केस. तुम्ही म्हणत असाल की त्या दिवशी आलं होतं, तर मी आजच वर पाठवतो."

इतकं सोपं. तोंडातून एक हो यायचं बाकी होतं. मी मंदाताईंकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हो म्हटलं असतं.

"सौर वादळ आलं होतं," मी म्हटलं. "पण प्लेटा त्याने पाडल्या नाहीत. त्याने साधं फडकंसुद्धा हलत नाही." टेबलाखाली शालिनीने मला असा चिमटा काढला की त्याचा वण चिपळूणपर्यंत सोबत आला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तर ही तक्रारच बाद होते, मॅडम. आणि नवी घेता येत नाही."

कुणाची बाग, कुणाचा बहर, आणि खरेपणाची हौस माझी. तेवढ्यात किसनभाऊ उभे राहिले. "महोदय," त्यांनी सुरुवात केली, "सदर दिवशी अपराह्णी अकस्मात..."

"किसनभाऊ," मी म्हटलं, "घरी सांगता ना, तसं सांगा."

ते थांबले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. आणि मग त्यांचे खांदे खाली आले.

"मी दुपारचा चहा घेऊन बागंत आलो साहेब. तं तिकून मंगरूळकडून आभाय भरून आलं. मी म्हनलं येईन अन जाईन. पन हवा अशी सुटली का निरा उभं राहू देईना. ही म्हने घरात चला. मी म्हनलं, सोलर पाह्यतो. प्लेटा अशा फडफडून राह्यल्या होत्या, जशी कोंबडी पकडल्यावर फडफडते. मी खांब धरला. मंग येक प्लेट सुटली, मंग दुसरी. वावराच्या धुऱ्यावरच्या बोरीत जाऊन पडल्या. म्या कोनती धरू? दोनच हात माये. मंग हिनं मले मांगून वढलं, नाई तं तिसरी मायाच डोक्यात येत होती."

मंदाताई पदराच्या टोकाने डोळे पुसत होत्या. साहेब मात्र किसनभाऊंकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेला होता.

"काका," ते म्हणाले, "तुमी फोनवर असं काहून नाई सांगतलं?" साहेब याच जिल्ह्यातले, रिसोडकडचे निघाले.

"फोनवरची पोरगी पुन्यासारखं बोलत होती साहेब. म्हनलं आपलं तिले समजनार नाई. म्हनून मी शुद्ध बोललो."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले, मनापासून हसले, आणि किसनभाऊही शेवटी हसले. मग साहेब म्हणाले, की तक्रार तर वेळेत आलीच आहे, ऐकणाऱ्याने शब्द चुकीचा घेतला, तेवढा दुरुस्त करता येतो का ते वर विचारतो. पण त्या दिवशी इकडे वादळ होतं याला काही आधार हवा.

माझं डोकं तेव्हा चाललं. सूर्याकडची नोंद मी बघितली होती, पण त्याच उपग्रहाने मागे वळून काढलेले फोटो बघायचं सुचलंच नव्हतं. ते कुणालाही बघता येतात. लॅपटॉप उघडला, तारीख काढली, दुपारचा फोटो शोधला. काळ्या अंधारात गोल, निळी, पूर्ण उजळलेली पृथ्वी. भारत जरा उजवीकडे, तपकिरी, कोरडा. आणि बरोबर विदर्भावर कापसाच्या बोंडासारखा पांढरा ढग.

चौघेही वाकून बघायला लागले. साहेबांनी चष्मा लावला.

"हे आपलं वादळ?" किसनभाऊंनी विचारलं.

"हो."

"अन बाग?"

"बाग नाही दिसत. पंधरा लाख किलोमीटरवरून अख्खा जिल्हा टिंबाएवढा येतो. ती त्या ढगाखाली आहे."

"मीबी त्याच्याच खाली हाय मंग," ते म्हणाले. "खांब धरून उभा."

साहेबांनी तो फोटो मागून घेतला. पलीकडच्या टेबलावरचा माणूसही उठून आला, आणि मला न मागता चहा मिळाला. मग मी त्यांना थोडंसं भाषण दिलं, फार नाही, चहा थंड होईपर्यंत. खाली उतरल्यावर शालिनीने चिमट्याची भरपाई म्हणून आलूपोंगा खाऊ घातला, बटाट्याचं सारण भरलेली कुरकुरीत पोंगळी, वर चटणी. मी ठेच्याचा अनुभव असूनही चटणी जास्त मागितली. संध्याकाळच्या गाडीने मी निघाले तेव्हा निकाल लागलेला नव्हता. किसनभाऊंनी माझी बॅग डब्यात ठेवली आणि म्हणाले, "या मंग ताई पुन्हा." मॅडम हा शब्द त्यांनी ऑफिसातच सोडून दिला होता.

चिपळूण

घरी आल्यावर भावाला सगळं सांगितलं, दोनदा. दिवस जात होते तसा माझा धीर सुटत होता. शालिनीला फोन करायला हात जाई आणि मागे येई. खरं बोललीस ना, मग आता भोग, असं मीच मला म्हणत होते.

मग एका सकाळी मी ओट्यावर फणसाचे गरे काढत असताना फोन वाजला. चीक लागू नये म्हणून तेल लावलेला हात तसाच, पदराने फोन धरला.

"ताई, मी किसन. कालच्याला मानसं येऊन गेली. खांब नवा गाडला, प्लेटा बसोल्या. निम्मी फळं गेली, निम्मी हायेत झाडाले. आयका."

त्यांनी फोन कशापाशी तरी नेला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग पाइपातून हवा ढेकर दिल्यासारखी सुटली, आणि पाणी धडाधड आळ्यात पडायला लागलं. लांबून मंदाताईंचा आवाज आला, तिकडचा पाण्याचा दांड फोडा, इकडं भरलं. किसनभाऊ फोन तसाच धरून राहिले.

मी उभा जन्म सूर्यावर डोळा ठेवून काढला, त्याच्याकडून काय संकट येतंय ते बघत. तो विहिरीतलं पाणी वर ओढतो तेव्हा कसा आवाज होतो, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.